गुडीहत्नूरला दीपगृह हवं होतं

गुडीहत्नूरच्या बसथांब्यावर वेणूअक्का माझ्याआधी येऊन बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि सुताराकडून मागून आणलेली लांबलचक टेप. मी विचारलं, "अक्का, टेप कशाला?"

"मापं घ्याले," ती म्हणाली. "काऊन? डोळ्यानं पायलेलं डोक्यात राह्यते का तुह्या?"

वेणूअक्का माझी मोठी बहीण. आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला तिची खानावळ आहे. भाकरी, झुणका, वरण-भात आणि ठेचा मिळायचा. ट्रकवाले तिथे दुपारी थांबायचे, खाटेवर अंग टाकायचे आणि निघताना पाणी भरून घ्यायचे. मग गावावरून पूल झाला. हायवे वरून गेला, खानावळ खाली राहिली. वरून जाणाऱ्या ड्रायव्हरला खाली अक्का आहे हे कळायचा काही मार्ग उरला नाही. दुपारच्या भाकरी उरू लागल्या. हाताखालच्या दोघी बायका तोंड पाडून अंगणात बसू लागल्या. हैदराबादला असलेला तिचा मुलगा प्रशांत सांगू लागला, "आई, खानावळ बंद कर आणि इकडं ये." अक्काला हैदराबादचं नाव काढलं की खोकला यायचा.

अशात समुद्रकिनाऱ्याकडचं एक जुनं गिऱ्हाईक, सत्यम ड्रायव्हर, पुलाखालून वळसा घालून मुद्दाम आला. जेवता जेवता म्हणाला, "अक्का, आमच्या गावच्या होड्यांना रात्री समुद्रातून गाव सापडतं, कारण तिथे दीपस्तंभम् (दीपगृह) आहे. मला मात्र भरदुपारी तुमचं हॉटेल सापडत नाही."

तो हे गंमत म्हणून बोलला. अक्कानं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती आदिलाबादला माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात हजर. "गजू, मले दीपगृह बांधाचं हाये. पण आदी एक पाहून येऊ."

मी हसलो. ती हसली नाही. संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. "मामा, तिले समुद्र दाखवा, दीपगृह दाखवा, अन् डोक्यातलं भूत तिथंच बुडवून या." मी होकार दिला. तेव्हा वाचकहो, या प्रवासात मी फितूर होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

उटनूरवरून मंचेरियलची बस जंगलातून जाते. सागाची पानं खिडकीला घासत होती आणि अक्का शेजारच्या बाईला आपण समुद्राला का निघालो ते सांगत होती. उटनूर येईपर्यंत ते अर्ध्या बसला कळलं. जन्नारमला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "गुडीहत्नूरले समुद्र कवा आला?" अक्का म्हणाली, "आला न्हाई अजून. पण आपली तयारी पायजे ना!"

मंचेरियलच्या फलाटावर कोळशाच्या वाघिणी इतका वेळ जात राहिल्या की आमची गाडी येणार की नाही अशी शंका आली. अक्काच्या पांढऱ्या लुगड्यावर काळे ठिपके पडले. गाडीत बसल्यावर तिनं भाकरीची पुरचुंडी सोडली, आणि ठेच्याच्या वासानं समोरच्या बाकावरचं कुटुंब आधी शिंकलं, मग मागून मागून खाऊ लागलं. विजयवाड्याला उतरताना त्यांतल्या बाईनं अक्काचा हात धरून "अक्का, अक्का" केलं. तेलुगूतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. पण आमची अक्का मला म्हणाली, "पाय, इतक्या दूर लोकायले माहं नाव माहीत हाये."

विजयवाड्याहून मच्छलीपट्टणची बस, आणि तिथून एका रिक्षानं मासेमारांच्या वस्तीकडे. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढे कळेल.

दीपगृह पहिल्यांदा दिसलं ते ताडांच्या झाडांवरून. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच मनोरा, वर काचेची खोली आणि तिच्यावर टोपीसारखा घुमट. अक्कानं रिक्षा थांबवायला लावली. बराच वेळ मान वर करून पाहत राहिली आणि म्हणाली, "माय वो! बुडाले जाड, वर बारीक. ज्वारीच्या उभ्या ताटावानी."

मग समुद्र दिसला. मला वाटलं होतं, ती भारावून जाईल. तिनं त्याच्याकडे पाहिलं, हात जोडले, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकलं आणि मनोऱ्याकडे वळली. "समुद्र कुठी पळून जाते? आदी काम."

काम म्हणजे टेप. फाटकाबाहेर चपला काढून ती मनोऱ्याच्या बुडाशी गेली, टेपचं एक टोक माझ्या हाती दिलं आणि दुसरं घेऊन भिंतीला वळसा घालत दिसेनाशी झाली. तिकडे वारा असा की टेपच्या मधल्या भागानं पतंगासारखी उडी घेतली आणि कुंपणावरच्या बोगनवेलीत अडकली. ती सोडवायला मी धडपडत असताना मागून दरडावणीचा आवाज आला, "कौन है? सरकारी बिल्डिंग काऊन नापता?"

'काऊन' हा आमच्याकडचा 'का', तो काही त्यानं म्हटला नव्हता. मी घाबरल्यामुळे मला तसं ऐकू आलं.

मागे एक गृहस्थ उभे होते. खाकी पँट, पांढरा सदरा, आणि मिशा इतक्या भरघोस की बोलताना ओठ दिसत नव्हते. ते तिथले दीपपाल, अप्पलराजू. दिवा त्यांच्या ताब्यात. "मीदि ए ऊरु? (गाव कुठलं तुमचं?)" त्यांनी अक्काला विचारलं.

अक्का तेलुगू बोलते, पण आमच्या भागातलं. त्यात निम्मं हिंदी, चिमूटभर मराठी. ती शांतपणे म्हणाली, "आम्हीपण दीपगृहवालेच आहोत. गुडीहत्नूरचे."

अप्पलराजूंचा चेहरा बदलला. कपाळाला आठ्या पडल्या. किनाऱ्यावरची सगळी दीपगृहं ते मनातल्या मनात ओळीनं पाहत असावेत. "गुडीहत्नूर... महाराष्ट्राच्या बाजूचं का?"

"अगदी जवळ," अक्का म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्रच.

"नवीन स्टेशन?"

"नवीनच. काम चालू व्हायचंय."

मी टेप गुंडाळत राहिलो. टेप गुंडाळणाऱ्या माणसाला सहसा कुणी काही विचारत नाही.

खात्यातली माणसं समजून अप्पलराजूंनी आम्हाला खुर्च्या दिल्या, मज्जिग (ताक) पाजलं आणि स्वतः वर घेऊन निघाले. आत गोल जिना भिंतीला चिकटून वर चढत गेला होता. पायऱ्या किती ते विचारू नका. मोजायलाही दम लागतो, आणि माझ्याकडे तो नव्हता. अक्का मात्र माझ्यापेक्षा थोरली असून पुढे. प्रत्येक खिडकीशी थांबून ती प्रश्न विचारायची, आणि तेवढ्यात मी भिंतीला टेकून घ्यायचो.

अप्पलराजू चढता चढता सांगत होते. पूर्वी या किनाऱ्यावर मासेमारांच्या बायका उंच ताडाला खोबरेल तेलाचा दिवा टांगायच्या. घरचा माणूस समुद्रावर असला की ज्या त्या घरचा दिवा. पुढे मोठी जहाजं येऊ लागली. समोर पाण्याखाली वाळूचा लांब बांध आहे, तो वरून दिसत नाही. जहाजं त्याच्यावर चढायची आणि तिथेच फुटायची. तेव्हा गोऱ्या कंपनीच्या लोकांनी हा मनोरा बांधला, विटांचा. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून बैलाच्या घाण्यात मळला. खाली भिंत इतकी जाड की आत खाट मावेल, वर हळूहळू पातळ. वारा अंगावर आला की गोल भिंतीवरून सरकून जातो, धक्का देत नाही. दार समुद्राच्या उलट्या बाजूला, म्हणजे तुफानाचं पाणी आत घुसत नाही.

"खानावळीचं दार आपण उलटंच केलं," अक्का माझ्या कानात कुजबुजली. "वारा येते तिकडूनच धूळ येते."

जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत पोकळी होती, विहिरीसारखी. अप्पलराजूंनी सांगितलं, की वीज नव्हती तेव्हा या पोकळीत साखळीला जड वजन टांगलेलं असायचं. ते आपल्या भारानं सावकाश खाली उतरायचं, आणि त्यावर वरची चक्रं फिरायची. वजन बुडाशी पोचलं की दीपपाल पुन्हा ते हातानं वर ओढायचा. रात्रभर हेच. "माझे आजोबा ओढायचे," ते म्हणाले. "झोप लागली तर जहाज बुडेल, या भीतीनं ते मिशीचा एक केस दिव्याच्या खांबाला बांधून बसायचे, असं घरात सांगतात."

मी त्यांच्या मिशांकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली.

शेवटी लोखंडी शिडी चढून काचेच्या खोलीत पोचलो. सभोवार जाड पडदे सोडलेले होते. मधोमध ते भिंग उभं होतं. भिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, तसं ते नव्हतं. माणसाहून उंच, काचेच्या कितीतरी कडा एकावर एक रचून केलेलं, फुटू घातलेल्या कापसाच्या बोंडासारखं. ते फ्रान्सहून लाकडी खोक्यांत भुश्यात घालून आणलं, बंदरावरून बैलगाडीनं इथवर, आणि तुकडा तुकडा वर चढवून जोडलं. आतला दिवा अगदी लहान. प्रत्येक कड त्याचा इकडेतिकडे जाणारा उजेड वाकवून एकाच दिशेला पाठवते, म्हणून तो फार लांबवर दिसतो.

"म्हंजे दंगा करणाऱ्या पोरायले एका रांगेत उभं करते," अक्का म्हणाली.

इतकं अवजड भिंग पाऱ्याच्या कढईत तरंगत होतं. अप्पलराजूंनी एका बोटानं ढकललं आणि ते आवाज न करता फिरलं. अक्कानं बोट पुढे केलं, त्यांनी तिचा हात अडवला. पडदे कशाला, हे मी विचारलं, तर म्हणाले, "दिवसा सूर्य आत आला तर हेच भिंग उलटं काम करतं. सगळं ऊन दिव्यावर गोळा करून जाळून टाकतं." खाली पूर्वीच्या वजनाच्या जागी एक इवलीशी मोटार घरघरत होती. तिचं वाइंडिंग कुणीतरी गबाळेपणानं केलं होतं, पण मी पाहुणा होतो.

आणि मग तो प्रसंग घडला. अप्पलराजूंनी घाम पुसला आणि बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं सहज विचारलं, "बरं, तुमचं कॅरेक्टर काय?"

अक्का ताठ झाली. तेलुगू संपलं, हिंदी संपलं. शुद्ध आदिलाबादी सुरू झालं. "काय बोल्ला रे तू? बाईमाणसाले कॅरेक्टर विचारते? मायबहीण हाये का न्हाई तुह्या घरात? अख्ख्या हायवेवर विचार, वेणूबाईचं कॅरेक्टर काय हाये ते!"

अप्पलराजू दोन पावलं मागे सरकले आणि पडद्यात गुंडाळले गेले. मी मध्ये पडून समजूत घातली तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक दीपगृहाच्या लुकलुकण्याची तऱ्हा वेगळी असते. कुणी दोनदा चमकून गप्प बसतं, कुणी एकदाच, सावकाश. त्यावरून खलाशी ओळखतो, की हे अमुक गाव. या तऱ्हेला खात्यात कॅरेक्टर म्हणतात.

"असं सांगा ना मंग," अक्का म्हणाली. "आमचं अजून ठरलं न्हाई."

"ठरलं नाही?" पडद्यातून बाहेर येत अप्पलराजूंनी डोळे बारीक केले. "तुमच्याकडे होड्या जास्त की मोठी जहाजं?"

अक्काच्या तोंडून खरं निघून गेलं. "ट्रक."

अप्पलराजूंनी घाम पुसायचा रुमाल खिशात ठेवला.

"ट्रक?"

"अन् उन्हाळ्यात आंब्याचे टेम्पो."

अप्पलराजूंच्या मिशा थरथरू लागल्या. आपण इथे वर कुणालाही आणत नाही, खात्यातलं समजून आणलं, तुम्ही मला फसवलं, आता खाली उतरा, आणि ती टेप इथे ठेवून जा. असं बरंच काही ते बोलले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. अक्कानं मान खाली घातली. तिला इतकं गप्प मी फक्त पूल झाला त्या वर्षी पाहिलं होतं.

मी फितूर होतो, हे तुम्हाला आठवत असेल. मला काही करायचंच नव्हतं. मी तोंड मिटून तिच्यामागून खाली उतरलो असतो, तर भूत तिथेच बुडालं असतं आणि प्रशांतनं माझे आभार मानले असते. पण अक्का शिडीकडे वळली, आणि तिची पाठ मला एकदम लहान दिसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, दिवा मी बनवणार आहे. मी मोटारवाला माणूस, मला दिव्यातलं काय कळतं? चूक होऊ नये म्हणून विचारायला आलो. खोटं बोललो, पण विचारायचं होतं ते खरं आहे."

अक्कानं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू समुद्र तिला आत्ता दिसला.

अप्पलराजूंनी विस्कटलेला पडदा सरळ केला. मग त्यांनी विचारलं, "काय विचारायचं होतं?"

पुढे त्यांनीच सांगितलं, की इथे माणसं पुष्कळ येतात, पण फोटो कुठून चांगला येतो एवढंच विचारतात. दिव्याबद्दल कुणी विचारत नाही. अक्कानं पुलाचं, खानावळीचं, उरलेल्या भाकरींचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते उकिडवे बसले आणि धूळ साचलेल्या फरशीवर बोटानं चित्र काढू लागले. आधी पूल, मग खानावळ.

"फिरता झोत लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "ड्रायव्हरच्या डोळ्यांत उजेड गेला, तर ट्रक पुलावरून खाली येईल. दिवा वाचवण्यासाठी असतो, बुडवण्यासाठी नाही. आणि बाई, तुमची गिऱ्हाइकं दिवसा येतात ना? मग दिव्याच्या मागे का लागलात? बाहेरचे पट्टे पाहिलेत?"

लाल-पांढरे पट्टे शोभेला नसतात, हे मला त्या दिवशी कळलं. रात्री दीपगृहाची ओळख त्याच्या लुकलुकण्यावरून, दिवसा त्याच्या रंगावरून. दूरवरून, धुक्यातून, झाडीतूनही पट्टे उठून दिसतात. "तुमच्याकडे उंच काय आहे?" त्यांनी विचारलं.

अक्का विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "पाण्याची टाकी. खानावळीच्या मागं. पुलापेक्षा उंच."

"मग झालं की!"

त्या संध्याकाळी अप्पलराजूंच्या घरी जेवलो. त्यांच्या बायकोनं चेपल पुलुसु (चिंचेच्या कोळातलं माशाचं कालवण) वाढलं. अक्कानं कधी समुद्रातला मासा खाल्ला नव्हता. काट्यांशी तिचं बराच वेळ भांडण चाललं आणि काटे जिंकले. गोंगुरा आला तेव्हा ती खुश झाली, "हे तं आपली अंबाडी!" मग पिशवीतला उरलेला ठेचा काढून त्यांना वाढला. अप्पलराजूंनी तो चटणीसारखा भातात कालवला. मी सावध करायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्कानं मला चिमटा काढला. पहिल्या घासाला त्यांचे डोळे लाल झाले, मिशा ओल्या झाल्या, पण पाहुण्यांसमोर त्यांनी ताट स्वच्छ केलं. अक्का समाधानानं म्हणाली, "हिशेब बरोबर."

अंधारू लागलं तशी त्यांनी वर जाऊन बत्ती लावली. आम्ही अंगणात उभे होतो. उजेडाचा पट्टा समुद्रावरून फिरत गेला, दूरच्या होड्या क्षणभर दिसल्या आणि पुन्हा नाहीशा झाल्या. शेजारच्या घरातली एक बाई दारात उभी राहून तिकडेच पाहत होती. अक्कानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती, तरी बराच वेळ बोलत होत्या.

निघताना अप्पलराजूंनी आम्हाला शपथ घातली: गावाचं नाव कुठे काढायचं नाही, नाहीतर उद्या सगळा हायवे इथे टेप घेऊन येईल. म्हणून मी नाव सांगितलं नाही.

परतल्यावर टाकीचे खांब आणि टाकी आम्ही रंगवली. लाल-पांढरे, रुंद पट्टे. वर मी एक छोटी पिवळी बत्ती बसवली, तिला पत्र्याची झापड लावली, म्हणजे उजेड रस्त्यावरच्या डोळ्यांत जाणार नाही. तिचं कॅरेक्टर अक्कानं ठरवलं: दोन छोट्या लुकलुक आणि एक लांब. "या, या, जेवाऽऽ" असं तिचं म्हणणं.

आठवड्याभरात हायवे खात्याचे एक साहेब जीप घेऊन आले. "किसकी इजाजत से खडा किया? मौका पंचनामा करना पडेगा. और लाइट हाऊस है तो पानी किधर है?" अक्का म्हणाली, "साहेब, पाणी टाकीत हाये." साहेबांनी वर पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, बरोबरच्या माणसाकडे पाहिलं आणि तोंड दाबून हसायला जीपमागे गेले. टाकी जुनीच होती, रंग मारायला इजाजत लागते की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. ते जेवून गेले.

गर्दी एकदम झाली नाही. आधी पुलावरचे ड्रायव्हर 'हे काय नवीन' म्हणून वळले, मग सत्यमनं मित्रांना सांगितलं. दसऱ्याला प्रशांत आईला न्यायला आला, तेव्हा खाटा भरलेल्या होत्या आणि हाताखालच्या दोघी दमल्या होत्या. अक्कानं त्याच्या हाती वरणाची बादली दिली. दुपार टळेपर्यंत तो वाढत राहिला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तुमाले भूत बुडवाले सांगलं होतं."

"तिथं पाणी तेवढं खोल नव्हतं," मी म्हणालो.

तो हसला आणि हैदराबादचा विषय न काढता निघून गेला.

लोक मला विचारतात, समुद्र कसा होता? खरं सांगायचं तर मी तो फारसा पाहिलाच नाही. पाहिलं ते हे, की एका लहान दिव्याभोवती किती माणसांनी किती डोकं चालवलं होतं. ताडाला तेलाचा दिवा टांगणाऱ्या बायका, चुना मळणारे, भुश्यातून काच आणणारे, रात्रभर साखळी ओढणारे. त्यांतल्या बहुतेकांनी जहाजात बसलेल्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं. त्याला किनारा सापडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

परवा एक यात्रेकरूंची बस वळली. तिच्यातून एक म्हातारी उतरली, टाकीकडे पाहून चारी दिशांना मान फिरवली आणि अगदी काळजीनं अक्काला विचारलं, "बाई, समुद्र कुठी हाये वो?"

अक्कानं पाट झटकला, तिच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "ओहोटी हाये माय. येतेच हाये आता. तवर जेवून घ्या."

म्हातारी निवांत जेवायला बसली.